अंटार्क्टिकाला जहाजाने जायचं की विमानाने?

आमच्या नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये सध्या हाच विषय चाललाय. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जहाजाने गेलं तर मधे ड्रेक पॅसेज हा खवळलेला समुद्राचा पट्टा लागतो, साधारण 800 किमी, जायला दोन दिवस यायला दोन, आणि वारा अडवायला जमीनच नाही त्यामुळे पश्चिमेकडच्या लाटा थेट अंगावर येतात. ताटं घसरू नयेत म्हणून टेबलावर ओलं कापड घालतात, चालताना एक हात कायम कठड्याला. उलटीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधीच घ्यायची बरं का, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही. पण डेकवर उभं राहिलं की अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी पंख न हलवता जहाजामागे तरंगत येतात, ते विमानातून कुठून दिसणार!

दुसरा मार्ग म्हणजे चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने अंटार्क्टिकाजवळचं किंग जॉर्ज बेट, दोनेक तासांत, पुढचं जहाज तिथूनच. महाग पडतं, आणि धावपट्टी खडीची, धुकं आलं की विमान उतरतच नाही, म्हणून मुंबईच्या परतीच्या फ्लाइटआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवाच.

थंडीचं टेन्शन नको, डिसेंबर-जानेवारीत शून्याच्या आसपास असतं, निफाडच्या पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्यांना सहज झेपेल, वारा मात्र जबर.

माझं मत, सोबत वयस्कर आई-बाबा असतील तर विमान, बाकीच्यांनी जहाजच. फक्त 500 पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज घेऊ नका, त्यातून किनाऱ्यावर उतरवत नाहीत.