उद्यमबागेतील मशीन शॉप : जुन्या पद्मिनीचे इंजिनकाम

घरच्या गॅरेजमध्ये प्रीमियर पद्मिनी मोटार नव्याने उभी करणाऱ्याला पत्र्याचे काम निभावता येते. इंजिनाचा ब्लॉक (ज्यात सिलिंडर असतात तो मुख्य भाग) मात्र बाहेर द्यावाच लागतो, आणि बेळगावकरांना त्यासाठी उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत जवळची आहे. मी निवडलेल्या तेथील छोट्या मशीन शॉपने 1089 सीसीच्या या इंजिनाचे चारही सिलिंडर बोअर गेजने, म्हणजे आतला व्यास मोजण्याच्या साधनाने, वर, मध्ये आणि खाली मोजले (बोटाने चाचपून ‘चालतंय की’ म्हणणारेही कमी नाहीत), आणि ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन हाती येईपर्यंत बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करणे, सुरू केले नाही, कारण मूळचा 68 मिलिमीटरचा बोअर नेमका किती वाढवायचा, हे त्या पिस्टनच्या मापावरच ठरते. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासून घेण्याच्या, तिरप्या रेघा सर्वत्र एकसारख्या उमटल्या होत्या. दरही वाजवी होता.

तक्रार आहे ती बिलाची. मजुरी आणि साहित्य एकाच आकड्यात दाखवले होते व गाडीचा क्रमांक नव्हता. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरत असल्याने, झालेला खर्च दाखवताना अशी मोघम पावती उपयोगी पडत नाही. मागितल्यावर त्यांनी तपशीलवार बिल दिले. काम सोपवतानाच अशा बिलाचे सांगून ठेवावे.