सीटचं टोक समपातळीत, खाली की वर?

सायकलवर बसून दुखतंय म्हणून जेलचं कव्हर विकत आणण्याआधी सीटचा कल मोजा. साधारण २७ सेंटिमीटर लांबीच्या सीटवर एक अंशाचा फरक म्हणजे पुढचं टोक जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली-वर. डोळ्यांना तो दिसत नाही, अंगाला मात्र तासाभरात जाणवतो.

मोजताना सायकल साइड स्टँडवर नको. भिंतीला टेकवून सरळ उभी करा. आधी फरशीवर पाणसळ ठेवून पाहा, कारण पार्किंग आणि गॅलरीच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून बहुधा उतार दिलेला असतो. उतार असेल तर सायकल उलट्या दिशेला वळवून पुन्हा मोजा आणि दोन्ही मापांचा मध्य धरा. बहुतेक सीट मधे खोलगट असतात, म्हणून आधी जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक सीटवर पुढून मागे सपाट ठेवा आणि पाणसळ त्यावर.

सुरुवात समपातळीतूनच करा. रोज डेक्कन ते हडपसर असा प्रवास, हँडल सीटच्या बरोबरीला किंवा वर, पाठ बऱ्यापैकी ताठ, असं असेल तर बहुतेकांना पुढे काही बदलावंच लागत नाही.

हँडल सीटपेक्षा खाली असलेली रोड सायकल असेल, तर वाकल्यावर कंबरेचा खालचा भाग पुढे झुकतो आणि भार बसण्याच्या हाडांवरून मधल्या नाजूक भागावर येतो. तिथे बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील तर टोक १ ते २ अंश खाली करा, तेही अर्ध्या-अर्ध्या अंशाने. चढालाही याचा फायदा होतो: सिंहगडाच्या वाटेवर जिथे चढ ८ टक्के आहे, तिथे समपातळीतली सीटही साडेचार अंश मागे कललेली असते. पण तो चढ पुरता भरून काढायला जाऊ नका. उतरताना तेवढाच कल पुढे येतो, अंग टोकाकडे घसरतं, तळहातांवर भार पडतो आणि करंगळी, अनामिका बधिर होतात. सपाट रस्त्यावरही दर पाच मिनिटांनी मागे सरकून बसावं लागत असेल, तर टोक जास्त खाली गेलंय.

टोक वर करणं आमच्या मते जवळजवळ कधीच योग्य नाही. बधिरपणा आणि कंबरदुखी दोन्ही वाढतात. अपवाद ताणून बसवलेल्या चामड्याच्या सीटचा. ती मधे झोळीसारखी दबते, म्हणून टोक किंचित वर लागतं.

बसल्यावर पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर दोष उंचीचा आहे. आधी सीट खाली घ्या, कल नंतर.

हे अर्ध्या अंशाचं काम जमेल की नाही, हे सीट धरणारी पकड ठरवते. साध्या सायकलींच्या जुन्या पद्धतीच्या क्लिपला दोन्ही बाजूंना नट असतात (बहुधा १३ किंवा १४ चा पाना) आणि आत दाते. एक दाता सरकला की कल दोन-तीन अंशांनी बदलतो, मधलं काही मिळत नाही. नट ढिले ठेवून चालवली तर खड्ड्यांत दाते झिजतात. मग कितीही आवळा, स्पीडब्रेकरवर टोक वर-खाली होतंच. झिजलेली क्लिप बदलणं हाच उपाय. एका बोल्टचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) बरा, पण आवळताना कल थोडा हलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

दोन बोल्टचा सीटपोस्ट सर्वांत उत्तम. पुढचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा, मागचा तेवढाच आवळा, की टोक वर. उलट केलं की खाली. लांब पल्ल्याला जाणाऱ्यांनी पैसे जाड गादीच्या सीटवर घालण्यापेक्षा यावर घालावेत. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, पावसाळ्यात ते गंजून अडकतात. पकडीवर न्यूटन-मीटरचा (Nm, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा छापलेला असेल तर तेवढंच आवळा, आणि २०-३० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.