गड्ड्याच्या बाजारातला साज: पोरांसाठी काय घ्यावं, काय सोडावं

संक्रांतीच्या सुमाराला सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत जनावरांचा बाजार भरला, की त्याला खेटून दोरखंडाची आणि साजाची पालं पडतात. घरचं खिलार खोंड, उस्मानाबादी पाट (तरणी शेळी) किंवा पंढरपुरी रेडी स्वतः सांभाळून प्रदर्शनात फिरवणाऱ्या दहा-चौदा वर्षांच्या पोरांना या पालांवरचं काय उपयोगी पडतं, तेवढंच इथं बघू. सगळ्यांत कमी चमकणारी वस्तू म्हणजे सुती म्होरकी, म्हणजे जनावराच्या तोंडाभोवती बसवायचा दोर. डोळे झाकून घ्यावी अशी तेवढीच एक.

आदत, म्हणजे दुधाचेच दात असलेल्या खोंडाला बोटाएवढ्या जाडीची, हातानं वळलेली म्होरकी पुरते. नाकावरचा वेढा डोळा आणि नाकपुडीच्या मध्यावर, जरा डोळ्याच्या बाजूला बसला पाहिजे. तो खाली घसरला की हाड संपून मऊ भाग लागतो. तिथं दाब पडला की श्वास कोंडतो, जनावर मान झटकतं आणि तो हिसका थेट पोराच्या खांद्याला बसतो. गालफडाखाली दोन बोटं सरकली म्हणजे माप बरोबर. पालवाला ‘बसतंय की’ म्हणून कुठलीही गळ्यात मारतो, म्हणून घरूनच सुतळीनं दोन मापं घेऊन जावं: कानामागून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतचं आणि नाकाच्या घेराचं. पंढरपुरी रेडीची शिंगं मागं खांद्याकडं वाढायला लागली असतील, तर शिवलेली म्होरकी वरून उतरतच नाही. तिला कानामागं बक्कल असलेलीच घ्यावी.

नवी सुती म्होरकी एकदा भिजवून वाळवावी. सूत आटतं, गाठी घट्ट होतात, मग माप पुन्हा तपासावं. तिचा दोष एकच, मुतात-शेणात पडून राहिली की गाठीपाशी आतून कुजते. वरून धड दिसते आणि ऐन रिंगणात तुटते. गाठ पिळून बघितली की कुजलेला धागा भुगा होऊन हाताला लागतो.

नायलॉनची म्होरकी रंगीत, स्वस्त आणि टिकाऊ असते. पण तिची गाठ सरकते आणि जळवून चिकटवलेली टोकं हनुवटी सोलतात. कासरा, म्हणजे हातात धरून जनावर चालवायचा दोर, तर नायलॉनचा नकोच. खोंडानं एकदा जोर लावला, की पोराच्या तळहाताची साल निघते. सुती कासरा सहा-सात फुटांचा असला की झालं. उरलेला दोर हाताला गुंडाळायचा नाही, घड्या घालून मुठीत धरायचा. जनावर उधळलं तर घडी सुटते, वेढा मात्र मनगट आवळून पोराला फरफटत नेतो. पोरांना आधी हेच शिकवावं, बाकीचं मागाहून.

अमेरिकेतल्या जत्रांमध्ये पोरं वासरं फिरवतात, ती हनुवटीखाली साखळी असलेल्या चामडी म्होरकीवर. तसली आता ऑनलाइन मिळते. ओढली की आवळते, सोडली की सैल पडते, पण ती सैल कधी सोडायची हे कळायला सराव लागतो. आपल्याकडं पोर घाबरून ओढतच राहतं. पैसे वाचवा.

शेळीला म्होरकी घालू नये. तिचं नाक निमुळतं असल्यानं वेढा घसरून नाकपुड्यांवर येतो. तिला एक इंच रुंदीचा नवारीचा पट्टा जबड्याला लागून उंच बांधावा. पट्टा खाली नरड्यावर आला की शेळी खोकते, बसकण मारते आणि पोर रडकुंडीला येतं.

आता चमचमाट. गोंडे घेताना ओला रुमाल घासून बघा, रुमाल गुलाबी झाला तर तो गोंडा सोडा. दुपारी ऊन तापलं की घामानं हाच रंग खिलाराच्या पांढऱ्याशुभ्र मानेवर उतरतो आणि धुऊनही जात नाही. घुंगरमाळेत तारेची टोकं आत वळवलेली आहेत का ते बोट फिरवून पाहावं. आवाजाची सवय नसलेलं खोंड माळ घातली की बिथरतं, त्यामुळे आधी आठवडाभर गोठ्यात घालून ठेवावी. शिंगांना ऑइलपेंट नको. परीक्षकाला शिंगाची ठेवण आणि पोत बघायचा असतो. करडईच्या तेलाचा बोळा एकदा फिरवला की पुरे, जास्त लावलं की मैदानातली धूळ बसते.

लटकवायचा डिजिटल काटा शेळीसाठी घेऊ नये. ती हलली की आकडा ठरत नाही. शिंप्याकडची टेप बरी: पुढच्या पायामागून छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले 660. घेर 28 आणि लांबी 26 असेल, तर सुमारे 31 किलो. माप सकाळी चाऱ्याआधी घ्यावं, पोट भरलं की घेर फुगतो.

या पालांचा खरा तोटा वेळेचा आहे. इथं घेतलेला साज दुसऱ्या दिवशी घालून जनावर रिंगणात चालत नाही. पहिले आठ दिवस म्होरकी घालून रोज अर्धा तास बांधून ठेवायचं, मग पाण्यापर्यंत चालवायचं, मग गर्दीत. ओठ उचलून दात दाखवायची सवयही याच काळात लावावी. आदत, दोन दाती, चार दाती असे गट दात बघूनच ठरतात आणि तोंडाला हात लावू न देणारं जनावर तिथंच घोळ घालतं. तेव्हा म्होरकी-कासरा महिनाभर आधी सांगोल्याच्या आठवडी बाजारातून आणावा, गड्ड्यात फक्त गोंडे घ्यावेत. आणि ते बांधताना कानातला 12 अंकी पिवळा बिल्ला झाकू नये, नोंदणीच्या वेळी तोच वाचायचा असतो.