नोएडा की गुरुग्राम? ‘दिल्ली’ला बदली झालेल्यांसाठी

बदलीच्या ऑर्डरवर ‘दिल्ली’ लिहिलेलं असतं आणि ऑफिसचा पत्ता निघतो गुरुग्रामचा, म्हणजे हरियाणातला, नाहीतर नोएडाचा, म्हणजे उत्तर प्रदेशातला. पुण्या-मुंबईत बसून घर शोधणाऱ्याला नकाशावर हे सगळं एकच शहर दिसतं. ‘कुठेही राहू, मेट्रो आहेच’ असं म्हणून मंडळी मोकळी होतात. मुंबईहून ठाण्यात गेलं तर महापालिका बदलते, सरकार तेच राहतं. इथे बॉर्डर ओलांडली की सरकार, पोलीस, वीज कंपनी, रजिस्ट्रीचा दर, गाडीचा नंबर, एवढंच काय, दारू विकत घेण्याचं वयसुद्धा बदलतं. दिल्लीत ते 25 आहे, दोन्ही बाजूंच्या राज्यांत 21.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे घाई असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. ऑफिस ज्या बाजूला, त्या बाजूलाच भाड्याने राहा. मुलं नववी-दहावीत असतील तर दोन्ही सोडून दिल्लीच्या हद्दीत राहा. आणि विकत घ्यायचं असेल तर वर्षभर थांबा. बाकी सगळा तपशील आहे, पण तपशिलातच पैसे जातात.

आधी हे ‘दिल्ली’ म्हणजे किती?

तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि तिन्ही सरकारीच. दिल्ली हा केंद्रशासित प्रदेश 1,483 चौरस किलोमीटरचा; 2011 च्या जनगणनेत तिथे 1 कोटी 68 लाख माणसं होती. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र, ज्याला सगळे एनसीआर म्हणतात, ते 1985 च्या कायद्याने आखलेलं आणि नंतर वाढत गेलेलं. आज ते 55,083 चौरस किलोमीटर आहे, जवळजवळ अख्ख्या हिमाचल प्रदेशाएवढं. त्यात सर्वात मोठा वाटा हरियाणाचा (25,327), मग उत्तर प्रदेशाचा (14,826) आणि राजस्थानचा (13,447). दिल्ली स्वतः त्यात तीन टक्क्यांनाही कमी भरते. भरतपूर, करनाल, मुझफ्फरनगर हे सगळं कागदोपत्री ‘राजधानी क्षेत्र’. त्यामुळे ‘एनसीआरमध्ये फ्लॅट’ अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न ‘कुठला जिल्हा?’ हाच विचारायचा.

तिसरं उत्तर जनगणनेचं, आणि ते सर्वात मजेशीर. जनगणनेतला नागरी समूह राज्याची हद्द ओलांडत नाही. म्हणून 2011 मध्ये दिल्ली नागरी समूह 1 कोटी 63 लाखांचा धरला गेला आणि त्याला खेटून असलेली शहरं वेगळी मोजली: गाझियाबाद साडेतेवीस लाख, फरीदाबाद चौदा लाख, गुडगाव नऊ लाख, नोएडा सहा लाख सदतीस हजार. रोज सकाळी ज्या माणसांनी मेट्रोचे डबे एकत्र भरतात, ती कागदावर पाच वेगवेगळ्या शहरांची. बेरीज केली तर तेव्हाच 2 कोटी 16 लाखांच्या आसपास आकडा जातो. त्यानंतर जनगणना झालेलीच नाही. पुढचीची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत गुडगाव जिल्हा 73 टक्क्यांनी वाढला होता, नोएडाचा गौतम बुद्ध नगर जिल्हा 49 टक्क्यांनी, आणि दिल्ली 21 टक्क्यांनी. गर्दी कुठे सरकते आहे ते यातून कळतं. म्हणून जुन्या लोकसंख्येवर विसंबून ‘नोएडा छोटं आणि शांत’ असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यायचं.

जमीन

घर निवडताना लोक क्लबहाऊस पाहतात, उतार पाहत नाहीत. या दोन शहरांत उतारच जास्त महत्त्वाचा.

गुरुग्राम अरवलीच्या पायथ्याशी आहे. डोंगराचं पाणी पूर्वेकडून उतरत नजफगढच्या झिलीकडे आणि नाल्याकडे जायचं; ते अडवायला, मुरवायला घाटा, झाडसा असे बांध आणि तळी होती. शहर वाढलं ते या वाटांवर. घाट्याचं तळं आज नावापुरतं उरलंय. बादशाहपूरचा नाला जिथे अरुंद होतो, तिथे पाणी रस्त्यावर येतं. जुलै 2016 मध्ये हिरो होंडा चौकात पाणी साचलं आणि लोक रात्रभर गाड्यांत अडकले. त्याच वर्षी गुडगावचं गुरुग्राम झालं होतं, त्यामुळे त्या कोंडीला लगेच ‘गुरुजाम’ म्हणायला लागले. नरसिंहपूरजवळचा हायवे आजही पहिल्या मोठ्या पावसात बातम्यांत येतो. गोल्फ कोर्स रोडवर कोट्यवधींचं घर घेतलं तरी खाली उतरल्यावर रस्ता सगळ्यांचा तोच.

नोएडा सपाट. यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या मधला गाळाचा पट्टा, बांध घालून वस्तीजोगा केलेला. आखणी एका प्राधिकरणाने केलेली असल्यामुळे रस्ते रुंद, सेक्टर चौकोनी, गटारं निदान नकाशावर तरी आधी आली आणि इमारती नंतर. (सेक्टरच्या क्रमांकांना मात्र काही क्रम नाही. 62 च्या शेजारी 63 आहे म्हणून खूश होऊ नका, बाकीच्या ठिकाणी जीपीएसच लावा.) इथला धोका नदीचा. जुलै 2023 मध्ये यमुनेची पातळी दिल्लीत 208.66 मीटरवर गेली, 1978 चा विक्रम मोडून. पाठोपाठ हिंडन फुगली आणि ग्रेटर नोएडाच्या एका मैदानात उभ्या केलेल्या शेकडो गाड्यांची फक्त टपं पाण्याबाहेर दिसत होती. बांधाच्या आत राहणाऱ्यांना त्रास कमी झाला. बांधापलीकडच्या खादरात, म्हणजे नदीच्या पूरपट्ट्यात, जी स्वस्त प्लॉटिंग आणि फार्महाऊसेस विकली जातात, ती पाण्याखाली गेली. दलाल ‘नदीकाठी मोकळी हवा’ म्हणाला की बांध कुठल्या बाजूला आहे ते विचारा.

पिण्याच्या पाण्याचंही असंच. नोएडात भूजलात गंगेचं पाणी मिसळून देतात, आणि सोसायटीत ‘गंगाजल येतं का?’ हा प्रश्न भक्तीचा नसून टीडीएसचा, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा असतो. गुरुग्रामला कालव्याने यमुनेचं पाणी येतं, बसई आणि चंदू बुढेरा इथे शुद्ध होऊन. नव्या सेक्टरांत टँकर ठरलेला. दोन्हीकडे आरओ लावावाच लागतो.

भूकंपाच्या बाबतीत दोघांनाही सूट नाही. हवेच्या बाबतीत तर मुळीच नाही. नोव्हेंबरात धूर पसरला की तो टोलनाक्यावर थांबत नाही, आणि म्हणूनच या सगळ्या राज्यांवर मिळून अधिकार असलेला हवा-गुणवत्ता आयोग 2021 च्या कायद्याने नेमला गेला. निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला की बीएस-3 पेट्रोल आणि बीएस-4 डिझेल गाड्या दिल्लीबरोबरच गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडा सगळीकडे बंद. पुण्याहून जुनी डिझेल गाडी आणायचा विचार असेल तर तो पुण्यातच सोडा.

कारभार कुणाचा?

नोएडाचं नावच मुळी एका प्राधिकरणाचं आहे. 17 एप्रिल 1976 रोजी ते स्थापन झालं आणि शहर आजही तेच चालवतं. महापालिका नाही, नगरसेवक नाही. रस्त्यावरचा दिवा गेला तर तक्रार आयएएस सीईओच्या कार्यालयात. मराठी माणसाला हे फार विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे नगरसेवकाला फोन लावायची सवय असते. पण रस्ता, पाणी, जमीन, उद्यान सगळं एकाच दारात असल्यामुळे काम कुठे अडलंय ते निदान कळतं.

गुरुग्राममध्ये उलटं. शहर आधी खासगी विकासकांनी वसवलं आणि महापालिका आली 2008 मध्ये. तिच्याशिवाय महानगर विकास प्राधिकरण (2017 पासून), पूर्वी हुडा म्हणवणारं हरियाणाचं शहरी विकास प्राधिकरण आणि नगररचना खातं. कॉलनी महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे की अजून बिल्डरच्याच ताब्यात आहे, यावर कचरा कोण उचलणार ते ठरतं. भाड्याने राहणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही, मेंटेनन्सच्या बिलात तेवढं दिसतं. पॉवर बॅकअपचं युनिट वेगळ्या, चढ्या दराने लागतं. घर बघताना मागच्या उन्हाळ्यातलं बिल मागून घ्या.

विकत घेणाऱ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फरक. नोएडातली जमीन प्राधिकरणाची, साधारण 90 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. फ्लॅट पुढे विकताना प्राधिकरणाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. शिवाय बिल्डरने प्राधिकरणाचे पैसे थकवले की रजिस्ट्री अडकते. लोक वर्षानुवर्षं राहतात, मेंटेनन्स भरतात, आणि नावावर घर नसतं. आम्रपाली या बिल्डरच्या प्रकल्पांत तर सर्वोच्च न्यायालयाला 2019 मध्ये अर्धवट राहिलेली घरं पूर्ण करण्याचं काम एनबीसीसी या सरकारी कंपनीला सोपवावं लागलं. सेक्टर 93 ए मधले सुपरटेकचे जुळे टॉवर त्याच न्यायालयाच्या आदेशाने 28 ऑगस्ट 2022 ला पाडले. गुरुग्राममध्ये मालकी बहुतेक ठिकाणी फ्रीहोल्ड, त्यामुळे कागद सुटसुटीत. पण फेब्रुवारी 2022 मध्ये सेक्टर 109 मधल्या एका टॉवरचे मजले आतून कोसळले आणि दोन महिलांचा जीव गेला. कागद चांगला म्हणजे सिमेंट चांगलं असं नाही. मुद्रांक शुल्क हरियाणाच्या शहरी भागात पुरुषाच्या नावावर 7 टक्के, स्त्रीच्या नावावर 5. उत्तर प्रदेशात साधारण 7, वर नोंदणीचा 1. घर बायकोच्या नावावर घेण्याचा जास्त फायदा गुरुग्रामला.

रोजचं जाणं-येणं

मेट्रो नोएडात 2009 मध्ये पोचली आणि गुरुग्राममध्ये 2010 मध्ये, पण दोघांत जाळं नोएडाचं बरं. निळी लाइन कॅनॉट प्लेसकडे जाते. बोटॅनिकल गार्डनहून मॅजेंटा लाइन हौज खास करत थेट विमानतळाच्या टर्मिनल 1 ला. शिवाय ग्रेटर नोएडापर्यंत अॅक्वा लाइन. गुरुग्रामला पिवळी लाइन शहराच्या एका कडेने येऊन थांबते. सायबर सिटीत रॅपिड मेट्रो आहे, पण सोहना रोड, द्वारका एक्सप्रेसवेकडचे नवे सेक्टर गाडीवरच अवलंबून. जुन्या गुरुग्राममधून सायबर सिटीकडे जाणाऱ्या साडेअठ्ठावीस किलोमीटरच्या लाइनची पायाभरणी फेब्रुवारी 2024 मध्ये झाली आहे. ती होईल तेव्हा होईल.

एका बाजूला राहून दुसऱ्या बाजूला नोकरी करणारे पुष्कळ आहेत. हौज खासला गाडी बदलून दारापासून दारापर्यंत सव्वा ते दीड तास, तोही सगळं सुरळीत असेल तर. आणि बॉर्डर बंद होऊ शकते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दिल्ली-नोएडा आणि दिल्ली-गुरुग्राम दोन्ही सीमा सील झाल्या होत्या. त्याच वर्षी हिवाळ्यात शेतकरी आंदोलनामुळे चिल्ला बॉर्डर अडली. मुंबईत पूल बंद होतो, इथे राज्य बंद होतं.

महाराष्ट्रातून ये-जा करायला कुठलं सोयीचं? विमानाने वारंवार येणाऱ्याला गुरुग्राम, विमानतळ अगदी उशाशी. रेल्वेने येणाऱ्याला नोएडा, कारण पुण्याहून येणारी गोवा एक्सप्रेस थांबते हजरत निजामुद्दीनला, आणि तिथून डीएनडी फ्लायवेने यमुना ओलांडली की नोएडा. सामान आणि आईवडील घेऊन येताना या एका गोष्टीची किंमत कळते.

मराठी वातावरण म्हणाल तर ते दिल्लीतच: पहाडगंजचं नूतन मराठी विद्यालय, महाराष्ट्र सदनातले कार्यक्रम. गणपतीला दोन्ही शहरांत मंडळं निघतात, मोदकही मिळतात. एक गोष्ट मात्र नोएडाकडे आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. 11 सप्टेंबर 1803 ला पटपडगंजच्या लढाईत दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा जनरल लेकने पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या रणभूमीचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. पानिपत सगळ्यांना पाठ असतं. हा खांब बघायला जायला परवानगी काढावी लागते.

मुलं मोठी असतील तर

सीबीएसई शाळा सगळीकडे आहेत, म्हणून लोक या मुद्द्याकडे बघत नाहीत. पण दिल्लीच्या डीटीयू, एनएसयूटी, आयपी युनिव्हर्सिटी या विद्यापीठांत 85 टक्के जागा बारावी दिल्लीतल्या शाळेतून केलेल्यांना असतात. नोएडाच्या सेक्टर 15 मधला मुलगा दिल्लीपासून एका पुलावर राहतो आणि उरलेल्या 15 टक्क्यांत मोजला जातो. इकडे महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते. त्याला बदलीच्या सरकारी नोकरांसारखे थोडे अपवाद आहेत. म्हणजे मुलाची दहावी दिल्लीकडे झाली की एक दार बंद होतं, आणि बारावी नोएडा-गुरुग्रामला झाली तर दुसरंही. म्हणून म्हटलं, नोएडाला ऑफिस असेल तर मयूर विहार, गुरुग्रामला असेल तर द्वारका. दोन्ही दिल्लीत, दोन्ही बॉर्डरला लागून. घर थोडं जुनं मिळेल, लिफ्ट कुरकुरेल, पण ही अडचण तरी राहणार नाही.

एकटे असाल किंवा मुलं लहान असतील आणि ऑफिस निवडायला मोकळीक असेल, तर मी नोएडा म्हणेन. त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते आणि पायी चालायला फुटपाथ आहे. कन्सल्टिंग किंवा मोठ्या कंपनीच्या मुख्यालयातली नोकरी असेल तर गुरुग्रामला पर्याय नाही, कारण पुढची नोकरीही तिथेच मिळणार. तिथे पिवळ्या लाइनच्या चालण्याच्या अंतरातला जुना बिल्डर फ्लोअर (छोट्या इमारतीतला अख्खा मजला) घ्या, एक्सप्रेसवेवरचा चकचकीत टॉवर नको.

एमएच नंबरची गाडी आणलीत तर बारा महिन्यांच्या आत आरटीओची एनओसी घेऊन तिकडचा नंबर करावा लागतो, एचआर 26 किंवा यूपी 16, आणि रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रातला परतावा मागता येतो, पण त्यासाठी खेपा घालाव्या लागतात. बदलीची नोकरी असेल आणि नवी गाडी घ्यायचीच असेल तर बीएच सिरीजला, म्हणजे राज्य बदललं तरी चालणाऱ्या नंबरला, पात्र आहात का ते पुण्यातच शोरूममध्ये विचारून घ्या.