आठ महिने सिरीज वाचल्या, खुनी कोण ते मात्र आठवत नाही

पुस्तक संपलं की त्याच रात्री पाच स्टार देऊन मोकळं व्हायचं, हे मी पूर्वी करायचे. आता नाही करत, कारण ताज्या पुस्तकाचं वड्यासारखं असतं, गरम आहे तोवर कुठलाही वडा चांगलाच लागतो. म्हणून हे आठ महिने थांबून लिहितेय. जूनमध्ये सुरुवात केली, आता फेब्रुवारी चालू आहे, मधल्या काळात २३ पुस्तकं झाली आणि सगळी सिरीजमधली, म्हणजे रहस्यकथा नाहीतर फँटसी नाहीतर दोन्हीची मिसळ.

एवढं वाचायला वेळ कुठून आला तर पुण्याच्या मेट्रोमुळे. ऑफिस कल्याणीनगरला हललं आणि कोथरूडवरून रोज स्कूटर मारायची हिंमत नव्हती, मग आयडियल कॉलनीला चढायचं, डावीकडची खिडकी मिळाली तर मिळाली, आणि अर्धा तास कुणी हाक मारणारं नाही, कुकरची शिट्टी नाही, काही नाही.

आता माझी पद्धत सांगते, हसू नका. पुस्तक संपलं की वहीत खुनी कोण ते लिहायचं, पान दुमडून स्टेपल मारायचा आणि दोन महिन्यांनी आधी स्वतःला विचारायचं की सांग बाई कोण होतं, मग स्टेपल काढायचा. नवरा म्हणाला तुला दुसरे उद्योग नाहीत का. नाहीत. तर निकाल असा की १६ रहस्यकथांपैकी ५ खुनी आठवले. पहिल्यांदा स्वतःचीच लाज वाटली, डॉक्टरकडे जावं का असंही वाटून गेलं, पण मग लक्षात आलं की ज्या सिरीज मला मनापासून आवडल्या त्यांच्यातलेच खुनी सगळ्यात आधी पुसले गेलेत, आणि ज्यांचे खुनी चोख आठवतायत त्यांतलं दुसरं काहीच आठवत नाहीये.

पॉयरोचं उदाहरण घ्या. ॲगाथा ख्रिस्तीबाईंनी या गुप्तहेराच्या ३३ कादंबऱ्या लिहिल्या, पहिली १९२० ची, मी त्यातल्या सहा वाचल्या. १९२६ ची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' आहे तिचा खुनी विसरणं शक्यच नाही, ज्यांनी वाचलीय त्यांना कळेल, बाकीच्यांसाठी तोंडाला कुलूप. पण ते गाव कसं होतं, घरात कोण कोण होतं, विचारू नका. खरं म्हणजे ही सिरीज कुठूनही उचला, काही फरक पडत नाही, मिशी तीच आणि अक्कड तीच. फक्त 'कर्टन' शेवटी ठेवा. ते बाईंनी महायुद्धाच्या काळातच लिहून तिजोरीत टाकलं होतं आणि छापलं १९७५ मध्ये, म्हणजे फराळाचे डबे भरून माळ्यावर ठेवावेत आणि दिवाळी तीस वर्षांनी करावी तसं.

आता ज्याने मला खरं धरून ठेवलं ते. रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब', २०२० चं. इंग्लंडमध्ये केंट भागात म्हाताऱ्यांची एक पॉश वसाहत, तिथले चार जण दर गुरुवारी जमून जुन्या न सुटलेल्या केसेस उकरतात. एलिझाबेथ पूर्वी हेरखात्यात, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ, रॉन युनियनचा पुढारी आणि जॉयस नर्स. हे वाचताना मला सारखा आमच्या सोसायटीतला ज्येष्ठ नागरिक संघ दिसायचा, तिथे पार्किंगमध्ये कुणी कुणाची कुंडी हलवली याचा तपास याच्यापेक्षा कडक चालतो. त्यातही जॉयसची डायरी. बाई प्रेताबद्दल सांगता सांगता केकवर येते आणि केकवरून मुलीवर, आणि आपल्याला कळतही नाही की मधल्या एका वाक्यात तिने महत्त्वाचा धागा देऊन टाकला. आमची आई अगदी असंच बोलते. वैकुंठ स्मशानभूमीतून येऊन सांगायला सुरुवात करणार की कोण कोण आलं होतं, आणि संपवणार येताना मंडईत गवार काय भावाने मिळाली यावर.

तक्रारी आहेत. योगायोग फार, गुन्हेगारसुद्धा इतके गोड की त्यांना चहाला बोलवावंसं वाटतं, आणि दोन-तीन पानांची प्रकरणं म्हणजे प्रत्येक वेळी जाहिरातीआधीचा झटका. दुसऱ्या भागातल्या हिऱ्यांचं शेवटी नेमकं काय झालं ते मला स्टेपल काढल्यावरच कळलं. पण एलिझाबेथचा नवरा स्टीफन, त्याची स्मृती हळूहळू जातेय आणि तरी तो त्यांच्या ओळखीतल्या बोगदानबरोबर बुद्धिबळ खेळतो, नीट खेळतो, ते मला कधीही विचारा. आमचे बाबा शेवटची दोन वर्षं मला आत्याच्या नावाने हाक मारायचे पण रमीचा डाव मांडला की एक पान चुकायचं नाही, उलट मी चुकीचं पान टाकलं तर चिडायचे. चौथा भाग, २०२३ चा, मी गरवारे स्टेशनपर्यंत वाचला, मग मिटून पर्समध्ये टाकला आणि उरलेला प्रवास बाहेर बघत केला. तो घरी रात्री एकटीने संपवला. त्यातला खुनी कोण? माहीत नाही हो.

दुसरी सिरीज 'रिव्हर्स ऑफ लंडन', बेन आरोनोविचची, २०११ पासून सुरू आणि आतापर्यंत १० कादंबऱ्या. ही माझ्या पुतण्याने गळ्यात मारली, तो म्हणाला काकू तुला पोलीसपण आवडतात आणि जादूपण आवडते, मग हे घे. पीटर ग्रँट हा साधा कॉन्स्टेबल, खून झालेल्या जागी कडाक्याच्या थंडीत पहारा देत उभा असतो, तिथे त्याला साक्षीदार भेटतो, आणि साक्षीदार निघतो भूत. आता पंचनाम्यात लिहायचं काय? ही सगळी गंमत त्या सरकारीपणात आहे. जादू शिकतोय पण फॉर्म भरावेच लागतात, साहेबाला उत्तर द्यावंच लागतं, आणि जादू केली की जवळच्या मोबाईलमधल्या चिपचा भुगा होतो म्हणून आधी फोन बंद करायचा. असली तपशिलाची जादू मला पटते, नुसती हवेत काडी फिरवून नाही.

आणि नद्या. त्यात टेम्स नदीची देवी आहे, मामा टेम्स, आणि तिच्या मुली म्हणजे लंडनमधले तिला येऊन मिळणारे ओढे-नद्या, त्यातल्या काही आता रस्त्यांखाली गाडल्या गेल्यात पण मुली ठणठणीत आहेत, एक टायबर्न तर भलतीच वजनदार, वरपर्यंत ओळखी असलेली. हे वाचत असताना आमची मेट्रो नेमकी डेक्कनहून निघून संभाजी उद्यानाकडे नदीच्या कडेकडेने जात असते, खाली मुठा. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडालेला दिसतो, डब्यातले सगळे त्या बाजूला सरकून फोटो काढतात, आणि मी मनात म्हणत बसले की ही बाई कशी असेल, उन्हाळ्यात कुणी विचारत नाही, अंगावर जलपर्णी, नाकाला रुमाल लावून लोक जातात, आणि चार दिवस भरून आली की हेच फोटो काढणार. नागझरीचा ओढा म्हणजे पेठांमधली एक बोळातली म्हातारी असणार, हे मी ठरवून टाकलंय. आंबिल ओढ्याबद्दल मात्र थट्टा सुचत नाही, सप्टेंबर २०१९ ची ती पुराची रात्र ज्यांनी बघितलीय त्यांना का ते सांगायला नको. आणि आई पानशेतचं धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, सात वर्षांची होती. ती आजही 'पूर आला' असं म्हणत नाही. 'नदी आमच्याकडे आली होती' म्हणते, पाहुणी आल्यासारखं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय पण कान टवकारून ऐकलं ते या पुस्तकांनंतर.

चौथ्या भागाच्या शेवटच्या पानांत एक जण जे काही करतं ना, त्यात मी कल्याणीनगर सोडून पुढे गेले. रामवाडीला गाडी रिकामी झाली तरी मी बसलेलीच, शेवटी सिक्युरिटीवाली ताई येऊन म्हणाली मॅडम लास्ट स्टेशन आहे, उतरा. ऑफिसात सांगितलं मेट्रो लेट होती. मेट्रोवर आळ घातला, माफी असावी.

यातही खोट आहेच. मुख्य खलनायकाचं प्रकरण सातव्या भागापर्यंत ओढलंय म्हणे, मधे मधे तर वाटतं लेखकच त्याला विसरला होता. शिवाय मधल्या काही गोष्टी कॉमिक्समध्ये आहेत, त्या न वाचता पुढे गेलं की कुणीतरी अचानक ओळखीचं असल्यासारखं येतं आणि आपण लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकासारखं नुसतं हसायचं. सहाव्यापर्यंत एका दमात आले, मग थकले, बाकीचे उन्हाळ्यासाठी ठेवलेत.

बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षी मराठी अनुवादात वाचला आणि वाचताना जो शोध लागला त्याने मी उडालेच. शरदिंदू बंदोपाध्याय, इतका बंगाली माणूस, मुंबईत सिनेमासाठी लिहायला आला, मग ते सगळं सोडून १९५२ मध्ये चक्क पुण्यात येऊन राहिला, आणि ब्योमकेशच्या नंतरच्या बऱ्याच कथा त्याने इथे बसून लिहिल्या. म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्या लिहायच्या आणि बाहेर येऊन पुण्याची हवा खायची. पहिल्या कथा १९३२ च्या, मधे पंधराएक वर्षं खंड, आणि मग पुन्हा सुरुवात. एका कथेत तर ब्योमकेश महाबळेश्वरला हॉटेलात उतरतो, तिथून त्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या मित्राला, अजितला, पत्रं लिहितो आणि त्यात भूत आहे, स्वतःला सत्यान्वेषी म्हणवणाऱ्या माणसाच्या कथेत भूत! मला हे फार आवडलं, कारण लेखकाने त्याची टिंगल केलेली नाही. आणि हा माणूस वाढतो. लग्न करतो, संसार होतो, पुढे स्वतःचं घर बांधतो. पॉयरोला कधी ईएमआयची काळजी पडली होती का? ग्रामोफोनच्या पिनेने माणसं मरतात ती कथा सोडली तर बाकीच्यांचे गुन्हे माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलेत, त्याच्या बायकोने, सत्यवतीने, चहा आणून ठेवला आणि अजित लिहितोय हे मात्र लख्ख.

शुद्ध फँटसीत अर्थसी. उर्सुला ली ग्विनची, पहिलं पुस्तक १९६८ चं, बारीकसं, जाड पुस्तकांची धास्ती असलेल्यांनी इथून सुरू करा. तिथे प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं, ते कळलं की त्याच्यावर सत्ता चालते, म्हणून ते नाव लोक जपून ठेवतात आणि अगदी जवळच्यालाच सांगतात. बाहेरच्यांना ही कल्पना भारी वाटत असेल, मला ती घरची वाटली. आमची आजी आजोबांचं नाव कधी म्हणून घ्यायची नाही, बँकेत फॉर्म भरतानासुद्धा मला म्हणायची तूच सांग, आणि घ्यायचंच झालं तर उखाण्यात गुंडाळून. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेही आधी कानात, मग गावाला. त्यामुळे ओजियन हा जादूगार गोष्टीतल्या नायक पोराला त्याचं खरं नाव देतो ती जागा मी दोनदा वाचली. चौथा भाग 'तेहानू' १९९० मध्ये आला, तिसऱ्यानंतर १८ वर्षांनी, आणि त्यात जादू जवळजवळ नाहीच, एक विधवा बाई, शेत, शेळ्या, भाजलेली पोर आणि शक्ती गेलेला एक दमलेला पुरुष. पुतण्याने हा अर्ध्यात टाकला, 'काकू, यात काही होतच नाही.' पंचविशीत मीही टाकला असता.

बर्फ आणि आगीच्या त्या गाजलेल्या सिरीजला, म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या, मी हात लावलेला नाही. पाचवा भाग २०११ ला आला तेव्हा पुण्यात मेट्रोचा एक खांबही नव्हता, आता मी मेट्रोत बसून वाचतेय आणि सहावा अजून यायचाय.

मराठीचं दुःख वेगळं. नारायण धारपांचे समर्थ, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, अर्नाळकरांचा झुंजार, नावं सगळ्यांना पाठ, पण ओळीने वाचायचं म्हणाल तर अप्पा बळवंत चौकात अर्धा दिवस घालवून हाताला जे लागेल ते. धारपांचे तीन मिळाले, रात्री वाचले आणि पॅसेजमधला दिवा चालू ठेवून झोपले, वय ४४.

आमच्या भागातल्या एका लायब्ररीत तर सिरीजचा दुसरा भाग कायम बाहेरच असतो. काकांना विचारलं तर म्हणतात, "अहो ताई, गेल्या दिवाळीत नेलाय एकांनी, येईल." पहिला आहे, तिसरा आहे, चौथ्याच्या दोन प्रती आहेत. तिथूनच एक जुनी अनुवादित रहस्यकथा आणली होती, पानं पिवळी, वास छान. ४१ व्या पानावर समासात कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं, 'भाचा', खाली दोन रेघा. असा संताप आला की पुस्तक परतच करणार होते, पण दुसरं नव्हतं म्हणून चरफडत वाचत राहिले. पुढची दोनशे पानं मी त्या भाच्याकडे डोळे वटारून बघत होते, तो दार उघडतोय, तो औषध आणतोय, बघा बघा. आणि शेवटी भाचा नव्हताच. भाच्याचा काही संबंधच नव्हता.

जे पाच खुनी आठवले म्हटलं ना, त्यातला एक हा. परत देण्याआधी खोडरबर घेऊन बसले होते. मग नाही खोडलं, तसंच दिलं.