अंगणात खरी हिरवळ की कृत्रिम गवत?

घरामागच्या अंगणात हिरवळ लावावी की कृत्रिम गवत अंथरावे, हे ठरवताना ओळखीचे बरेच जण मला विचारतात, कारण पुण्याच्या उपनगरातील आमच्या रो-हाउसच्या सुमारे ४०० चौरस फुटांच्या अंगणात मी दोन्ही करून पाहिले आहे. २०१९ च्या दिवाळीआधी तिथे ३५ मिलिमीटर पात्यांचे कृत्रिम गवत बसवून घेतले आणि २०२३ च्या जुलैमध्ये ते उचलून त्याच जागी हिरवळ लावली. दर, पात्यांची उंची, हमीची वर्षे या गोष्टी कोणताही विक्रेता पाच मिनिटांत सांगतो, म्हणून त्या इथे पुन्हा मांडत नाही. अंगणाने उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा दोन-तीनदा काढल्यावर जे कळते, तेवढेच लिहितो.

कृत्रिम गवताच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा पाण्याचा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. भर उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर ४०० चौरस फुटांना, म्हणजे ३७ चौरस मीटरना, रोज १८० लिटरच्या आसपास पाणी द्यावे लागेल. आमच्या सोसायटीला एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवावे लागतात. अशा दिवसांत इतके पाणी गवताला घालणे मनाला पटत नव्हते आणि पहिल्या निवडीमागचे मुख्य कारण तेच होते. सकाळी कारागीर आले आणि संध्याकाळपर्यंत अंगण हिरवेगार झाले. पहिल्या पावसाळ्यात घरात चिखलाचे एकही पाऊल उमटले नाही. आई तेव्हा ७८ वर्षांची होती. ओल्या शहाबादी फरशीवर चालताना तिला घसरण्याची धास्ती वाटत असे, ती या गवतावर वाटत नव्हती. पहिले दीड वर्ष मीही विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच गवत सुचवत होतो.

अडचण उभी राहिली ती शेजारच्या गुलमोहरामुळे. त्याच्या दोन मोठ्या फांद्या आमच्या कुंपणावरून आत आल्या आहेत. गुलमोहराचे एक पान म्हणजे शेकडो बारीक पर्णिकांची रचना असते आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत या पर्णिका सुट्या होऊन सतत गळत राहतात. एकेक पर्णिका जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, पण कागदासारखी पातळ. आंब्याचे किंवा फणसाचे पान गवतावर पडले, तर ते वरच राहते आणि खराट्याच्या दोन फटकाऱ्यांत निघते. ही पर्णिका मात्र पात्यांमधून सरळ खाली उतरते आणि जिथे पाती तळाच्या कापडात ओवलेली असतात तिथे जाऊन बसते. खराटा मारला की ती आणखी खोल जाते, केरसुणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. पाला उडवणारा ब्लोअर भाड्याने आणून पाहिला, तर त्याने पात्यांत भरलेली बारीक वाळूही उडवली आणि पाती आडवी पडू लागली. पहिल्या वर्षी हा सगळा पाला बुडाशी दडून राहिल्यामुळे मला तो दिसलाच नव्हता.

एप्रिलपासून गुलमोहर फुलतो आणि त्या दोन महिन्यांत पाकळ्यांचा सडा पडतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पर्णिका, पाकळ्या आणि उन्हाळाभर साठलेली धूळ यांचा पात्यांच्या बुडाशी लगदा होतो. २०२१ च्या जुलैमध्ये एका रविवारी मी पाटावर बसलो आणि दोन बोटांनी पाती बाजूला करून पाहिले. तळाशी चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला थर बसलेला होता. बोटाला लागला तेव्हा तो चिकट वाटला आणि त्याला तुंबलेल्या मोरीसारखा वास येत होता. पाणी निथळण्यासाठी तळाला ठेवलेली भोके या थराने बुजली होती, त्यामुळे कोपऱ्यात पाणी साचून तिथे शेवाळ धरले होते. ज्या निसरडेपणाच्या धास्तीने आई फरशी टाळत होती, तो आता गवतावरच आला होता. त्या थरात तीन-चार ठिकाणी पिंपळाची रोपे रुजली होती आणि दोन रोलच्या जोडातून लव्हाळा वर आला होता. लव्हाळा मल्चिंगचा, म्हणजे जमीन झाकण्यासाठी अंथरलेला, प्लास्टिक कागद फोडून वर येतो हे भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना चांगलेच माहीत आहे, त्यामुळे आमचा जोड त्याला अडवील ही माझी अपेक्षाच चुकीची होती.

त्यानंतरच्या दोन वर्षांत जानेवारी ते मार्च दर रविवारी दीड-दोन तास मी गुडघ्यांवर बसून कडक ब्रशाने तो पाला वर ओढत असे आणि पत्नी तो सुपात भरत असे. देखभाल लागणार नाही म्हणून घेतलेली वस्तू आम्हाला कोणत्याही कुंडीपेक्षा जास्त राबवत होती. हाच गुलमोहर आता हिरवळीवरही गळतो. पर्णिका तिथेही खालीच जातात, पण खाली माती असते आणि गांडुळे, मुंग्या, बुरशी त्यांचा फडशा पाडतात. २०२३ पासून मी हिरवळीवरचा गुलमोहराचा बारीक पाला एकदाही काढलेला नाही. जाड शेंगा आणि काड्या तेवढ्या वेचतो. जमिनीवर पडलेले जमिनीत मुरते हे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते, की मुरणे थांबल्यावर काय होईल याचा विचार आपण आधी करत नाही. कृत्रिम गवतावर पाला, धूळ, सांडलेले सरबत, मांजराचे मूत असे जे जे पडते, ते कोणीतरी उचलेपर्यंत किंवा धुऊन काढेपर्यंत तिथेच राहते.

उन्हाबद्दल पुष्कळ ऐकून होतो आणि ते खोटे नाही. मी तापमापक लावून पाहिलेला नाही, पण एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता त्या गवतावर अनवाणी पाऊल टेकवत नसे आणि नातवाला चपला घालूनच खेळावे लागत असे. जिवंत गवत पानांतून पाण्याची वाफ सोडत राहते आणि त्यामुळे थंड राहते, प्लास्टिकला ती सोय नाही. २०१५ मध्ये कॅनडात झालेल्या महिलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सर्व सामने कृत्रिम मैदानांवर खेळवले गेले, तेव्हा एडमंटनमधील पहिल्या सामन्याच्या दिवशी मैदानाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४९ अंश सेल्सिअस भरल्याचे वृत्त होते, आणि तिथली हवा तर आपल्याकडच्या मार्चइतकीही तापलेली नव्हती. पाणी शिंपडले की गारवा येतो, पण आमच्याकडे तो पंधरा-वीस मिनिटांपलीकडे टिकला नाही. तरीही एवढ्या एका कारणासाठी मी गवत उचलले नसते. चपला घालता येतात, बसण्याची वेळ संध्याकाळी सातवर नेता येते. पाल्यावर असा कोणताही उपाय मला सापडला नाही.

हे गवत पहिल्यांदा गाजले ते कशामुळे हे मागे वळून पाहिले, तेव्हा माझी चूक मला अधिक नीट समजली. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात १९६५ मध्ये ॲस्ट्रोडोम हे छत असलेले प्रचंड स्टेडियम सुरू झाले. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रखर उजेडात बेसबॉलच्या खेळाडूंना चेंडू दिसेना म्हणून ती तावदाने रंगवली गेली, ऊन कमी झाल्यामुळे आतले खरे गवत मेले, आणि १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत अंथरण्यात आले. ॲस्ट्रोटर्फ हे नाव त्याच स्टेडियमवरून पडले. म्हणजे तिथे ती पुरेसे ऊन न पोहोचणाऱ्या जागेची गरज होती, आणि त्या मैदानावर छत असल्यामुळे तिथे झाडाचे पानही पडत नव्हते. आमच्या अंगणात दिवसाचे सहा-सात तास ऊन होते आणि डोक्यावर गुलमोहर होता.

आता हिरवळीची दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवी, कारण तिने मला कमी दमवलेले नाही. कृत्रिम गवताखाली मुरूम आणि खडी दाबून बसवलेली असते. ती काढून सहा इंच लाल माती आणि शेणखत भरण्यातच जुलैचे दोन आठवडे गेले. गवत उचलल्यावर उघडी पडलेली जमीन फिकट आणि घट्ट झाली होती, तिच्यात एकही गांडूळ दिसले नाही. आम्ही सिलेक्शन नंबर वन हे गवत निवडले, कारण त्याला ऊन मानवते आणि ते लवकर पसरते. मेक्सिकन नावाचे गवत अधिक दाट आणि मऊ दिसते, कापणीही कमी लागते, पण जम धरायला ते बराच वेळ घेते. पहिल्या पावसाळ्यात शेणखताबरोबर आलेले तण काढताना माळीकाकांनी आणि मी कितीदा कंबर धरली याची गणती नाही, आणि लव्हाळ्याच्या गाठी आजही अधूनमधून खणून काढाव्या लागतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ताटाएवढा एक पट्टा अचानक पिवळा पडला आणि हाताने ओढताच सतरंजीसारखा सुटून आला. खाली हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या मुळे खात बसल्या होत्या. उसाच्या शेतात हुमणीसाठी मेटारायझियम ही बुरशी वापरतात, तीच शेणखतात मिसळून टाकली, अळ्या हाताने वेचल्या, आणि दिवाळीनंतर तो भाग पुन्हा भरून आला. उत्तरेकडच्या भिंतीलगत मात्र जेमतेम दोन-तीन तास ऊन येते. तिथे दोन वेळा लावूनही गवत विरळच राहिले, तेव्हा हट्ट सोडून तिथे फरशी बसवली आणि नेच्याच्या कुंड्या ठेवल्या.

पाण्याच्या बाबतीत मी मधला मार्ग काढला आहे आणि तो सर्वांना आवडेलच असे नाही. मे महिन्यात हिरवळीला रोज पाणी न देता मी तिसऱ्या दिवशी देतो, तेही शक्यतो तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्याची भर घालून. हे गवत आपल्या हरळीच्याच कुळातले असल्यामुळे ते पिवळे पडते, पण मरत नाही, आणि वळवाच्या दोन चांगल्या सरी झाल्या की आठवडाभरात पुन्हा हिरवे होते. ज्यांना बाराही महिने एकसारखे हिरवे अंगण हवे असेल त्यांना मेमधली ही अवस्था खटकेल, हे मान्य करतो. आम्हाला ती आता सवयीची झाली आहे.

पैशांचा हिशेब मी थोडक्यातच सांगतो. कृत्रिम गवताला एकदाच मोठी रक्कम लागली, हिरवळीला महिन्याकाठी माळीकाकांचे पैसे आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांची कापणी लागते. चार वर्षांच्या हिशेबात माझ्या अनुभवात दोन्ही जवळपास सारखेच पडतात. फरक पडला तो शेवटी, म्हणजे गवत उचलल्यावर. पाती एका प्लास्टिकची, तळाचे कापड दुसऱ्या, आणि दोन्हींना चिकटवणारा लेटेक्सचा थर तिसराच, त्यामुळे दोन भंगारवाल्यांनी ते रोल हातात घेऊन परत ठेवले. त्यांतले दोन तुकडे एका शेजाऱ्यांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ अंथरले आहेत, बाकीचे अजून गॅरेजमध्ये उभे आहेत. उचलताना पात्यांची टोके तुटून हिरव्या कुसळांसारखी मातीत पडली होती. त्यांतली काही आजही खुरप्याला लागतात आणि ती मातीत मिसळणार नाहीत याची खंत वाटते.

माझे मत कुठे झुकते हे लपलेले नाही, तरी प्रत्येकाने तेच करावे असे मी म्हणणार नाही. फ्लॅटची छत असलेली बाल्कनी, चारही बाजूंनी इमारतींनी वेढलेला आणि ऊन न येणारा चौक, भाड्याचे घर, किंवा उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असलेली वस्ती, अशा ठिकाणी कृत्रिम गवत ही समजूतदार निवड ठरू शकते. कोकणात, जिथे चार महिने सलग ओल असते आणि माडाखाली सावली दाट असते, तिथे दोन्हींपैकी काहीच न करता चिरा किंवा शेणाने सारवलेले अंगण ठेवणारे मला अधिक शहाणे वाटतात. परंतु आपल्या जागेत चार-पाच तास ऊन येत असेल, खाली माती असेल आणि वर गुलमोहर, चिंच, शिरीष, कडुनिंब असे बारीक पानांचे झाड असेल, तर मी हिरवळीचाच आग्रह धरीन, आणि तीही एकदम सगळीकडे न लावता निम्म्या अंगणात लावून वर्षभर पाहा असे सांगेन.

आणि तरीही कृत्रिम गवताकडेच मन ओढत असेल, तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विक्रेत्याकडून दोन फूट लांब-रुंद तुकडा मागून घ्यावा. तो अंगणात, जिथे पाला सर्वाधिक पडतो तिथे, आठ-दहा दिवस तसाच ठेवावा, रोज त्यावर मूठभर झडलेला पाला आणि तांब्याभर पाणी टाकावे, आणि शेवटच्या दिवशी आपल्या घरी जो खराटा आहे त्यानेच तो स्वच्छ करून पाहावा.