डीटी 830डी मल्टीमीटर: सेल्फ बदलल्यावर गाडी ठिम्म झाली तेव्हा हाच कामाला आला

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वेगवेगळ्या नावांनी मिळतो तो व्होल्टेज वगैरे मोजायचा छोटा पिवळा मीटर, मी साताऱ्यात अडीचशेला घेतला होता आणि दोन वर्षं घरी नुसते सेल चेक करायला वापरला. त्याची खरी परीक्षा गेल्या महिन्यात झाली म्हणून एवढं लिहितोय.

माझ्या जुन्या हॅचबॅकचा सेल्फ लागेना, चावी फिरवली की नुसतं कट्ट. रिपेअर केलेला स्टार्टर (म्हणजे सेल्फच) आणला, बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढली (हे विसरू नका, प्लसच्या बोल्टवरचा पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन वायर जळू शकते), दोन बोल्ट काढले, नवीन बसवला, तार परत जोडली आणि चावी फिरवली तर डॅशबोर्डचे दिवे क्षणभर लुकलुकले आणि सगळं बंद. हॉर्न नाही, लाईट नाही, सेंट्रल लॉक पण नाही. एका गॅरेजवाल्याला फोन केला तर गाडी न बघताच वायरिंग जळलंय, टो करून आणा म्हणाला. खर्चाच्या विचाराने पोटात गोळाच आला.

मग मीटर काढला. नॉब डीसी 20 व्होल्टवर, बॅटरीवर 12.53. फ्यूज बॉक्सवर काळा प्रोब (मीटरच्या वायरीचं टोकदार टोक) बॉडीला लावून बघितलं तर तिथेही साडेबारा, मेन फ्यूजच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज, बाकीचे फ्यूजही धड. बझरवर (जोड सलग असला की वाजतो) अर्थ वायर, म्हणजे मायनसची तार, चेक केली तर टीं वाजतंय. म्हणजे मीटर म्हणतोय सगळं ठीक आहे आणि गाडी मेलेली, तासभर मी तिथेच अडकलो.

इथे मीटरची चूक नाही, पण तो कसा वापरायचा ते कळायला हवं. हा मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरचा एक तंतू जरी टेकलेला असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि बझरही वाजवतो. चावी बंद ठेवून मोजणं म्हणजे नळ बंद ठेवून पाण्याचा जोर बघण्यासारखं आहे, मोजायचं ते लोड, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी, चालू ठेवून. भाच्याला आत बसवलं, हेडलाईटचं बटण चालू करून ठेव म्हटलं, तर तो म्हणे "मामा, काहीच लागत नाहीये", म्हटलं नको लागू दे, तू चालूच ठेव. आता बॅटरीवर अजूनही साडेबाराच, पण बॅटरीच्या प्लसपासून बॉडीपर्यंत फक्त 1.8! आणि बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत 10.7. दोन्हींची बेरीज बरोबर साडेबारा, म्हणजे बहुतेक व्होल्टेज अर्थच्या बाजूला खाल्लं जातंय, प्लसकडे बघायचीच गरज नाही.

माझ्या गाडीत मायनसची तार गिअरबॉक्सवर जाते, स्टार्टरच्याच एका बोल्टखाली तिचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) बसतो, आणि तिथून पुढे बॉडीला वेगळी पट्टी आहे. हात घातला तर लग बोटाने फिरत होता. दोन बोल्टांपैकी एक लांब एक आखूड, बसवताना माझ्याकडून अदलाबदल झाली होती, लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकून घट्ट झाल्यासारखा वाटला पण लग दाबलाच गेला नव्हता. बोल्ट आपापल्या जागी लावले, लग आणि बसायची जागा सँडपेपरने चकाचक केली, आवळलं, आणि सगळे दिवे आले. सेल्फ मारताना मायनसपासून इंजिनपर्यंत फक्त 0.15 व्होल्ट, बॅटरी 10.6 पर्यंत खाली आणि इंजिन चालू झाल्यावर 14.2. ते आकडे बघून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. हा मीटर नसता तर मी वायरिंग खोलत बसलो असतो.

आता उणिवा. स्क्रीनला लाईट नाही, बोनेटखाली संध्याकाळी आकडे दिसत नाहीत. आपोआप बंद होत नाही, नॉब ऑफला न्यायचा विसरलात तर आतली 9 व्होल्टची बॅटरी संपते, आणि ती उतरायला लागली की मीटर आकडे वाढवून दाखवतो, माझ्याकडे एकदा गाडीची धडधाकट बॅटरी साडेबाराच्या जागी साडेतेरा दाखवत होता. 10 अँपियरच्या सॉकेटला माझ्या मीटरमध्ये आत फ्यूजच नाही, सेल्फ शंभर-दोनशे अँपियर ओढतो, त्यामुळे सेल्फचा करंट याने मोजायला कृपा करून जाऊ नका, त्याला डीसीचा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लागतो. घरच्या 230 व्होल्टला पण मी हा लावत नाही, इन्सुलेशनवर माझा तेवढा भरवसा नाही. सोबत 12 व्होल्टचा बल्बवाला टेस्टर जरूर घ्या, बल्ब स्वतः करंट ओढतो त्यामुळे सैल कनेक्शनवर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही, माझ्याकडे त्या दिवशी असता तर तो तास वाचला असता.

गाडीच्या 12 व्होल्टच्या कामाला पाचपैकी चार. प्रोबच्या वायरी मात्र घेतल्या घेतल्या बदला, माझी लाल वायर प्रोबच्या मुळाशी आतून तुटली होती आणि हलवली की आकडा शून्य व्हायचा, आता सिलिकॉनच्या वायरी लावल्यात, मायनसला मगरक्लिप आहे त्यामुळे एक हात मोकळा राहतो.